ट्राउट मागायला गेलो आणि रोहू-कटला घेऊन आलो (गगनबावडा रोडच्या मत्स्यबीज केंद्राचा चार वर्षांचा अनुभव)

शेततळ्यात मासे सोडायचं डोक्यात असलेल्यांसाठी लिहितोय. थोडं लांबणार आहे, कारण "चांगलं दुकान आहे, बिनधास्त जा" एवढ्यावर भागणार नाही, मला तिथं नेमकं काय मिळालं ते नीट सांगायचंय.

कोल्हापुरातनं गगनबावडा रोडला लागलं की शहर सुटल्यावर थोडं पुढं हे मत्स्यबीज केंद्र आहे. बाहेरनं बघितलं तर विशेष काही वाटत नाही, पत्र्याचं शेड, सिमेंटच्या सहा टाक्या, वर हिरवी जाळी, एका कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर आणि प्लास्टिक पिशव्यांचे गठ्ठे. चालवणारे पासष्टीच्या घरातले गृहस्थ आहेत, येणारे-जाणारे सगळे त्यांना मामा म्हणतात, मीपण मामाच म्हणतो. २०२२ पासून दरवर्षी त्यांच्याकडनंच बीज घेतोय, चार हंगाम झाले. पण पहिल्यांदा गेलो ते रोहू-कटल्यासाठी नव्हे, ट्राउट मागायला गेलो होतो.

त्याचं असं झालं, २०२२ च्या मे महिन्यात आम्ही घरचे सगळे कुलू-मनालीला गेलो होतो. जाताना रोडला पातलीकुहल लागतं, तिथं सरकारी ट्राउट फार्म आहे, ड्रायव्हरनंच गाडी थांबवली. सिमेंटचे लांबच लांब हौद, एका टोकानं ओढ्याचं पाणी आत येतंय आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडतंय, पाणी कुठंच थांबत नाही, आणि त्यात अंगावर ठिपके आणि बाजूनं गुलाबी पट्टा असलेले मासे पाण्याच्या उलट्या दिशेला तोंड करून एका ओळीत उभे. आमच्या आबांनी त्या पाण्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला, म्हणाले "आरं हे पानी न्हवं, बरफ हाय". त्या दिवशी संध्याकाळी मनालीत ट्राउट खाल्ला, नुसतं मीठ-लिंबू लावून तव्यावर भाजलेला, काटा कमी, आणि चव अशी की आमची मुलगी, जी मासा म्हटलं की ताट सरकवते, तिनं अख्खा एक संपवला. झालं, मी तिथंच ठरवलं की घरी गेलो की आपल्या तळ्यात हाच सोडायचा.

आमचं शेत पन्हाळ्याच्या पायथ्याला आहे, तिथं ३० बाय ३० मीटरचं शेततळं आहे, तीन मीटर खोल, प्लास्टिक अस्तराचं. घरी आल्यावर मोबाईलवर शोधाशोध केली तर एक ऑनलाइन विकणारा सापडला, तो म्हणाला ट्राउट कुठल्याही तळ्यात जगतो, अॅडव्हान्स पाठवा, आठ दिवसात पार्सल. मी पैसे पाठवणारच होतो, पण आबा म्हणाले आधी कुणा जाणत्याला विचार, आणि गावातल्या एकानं मामांचं नाव सांगितलं.

मामांना म्हटलं, "ट्राउटचं बीज मिळंल काय?"

"मिळंल की. पैसं टाकलं तर सगळं मिळतंय. पर पावनं, ते तुमच्या तळ्यात जगनार किती दिस, हे कुनाला इचारलासा का?"

नव्हतं विचारलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "तुमच्या तळ्याचं पानी मे म्हैन्यात किती तापतंय?"

हेही मला माहीत नव्हतं आणि मला ते फार लागलं, कारण मी शिरोलीला फौंड्रीत काम करतो, आमचं सगळं आयुष्य टेंपरेचरवर चालतं, वितळलेल्या लोखंडाचं टेंपरेचर जरा इकडंतिकडं झालं तर आम्ही पोअरिंग थांबवतो, आणि इथं मी जिवंत प्राणी सोडायला निघालो होतो आणि पाणी किती गरम होतं ते एकदाही बघितलं नव्हतं. मामांनी काही विकायच्या आधी एक साधा काचेचा थर्मामीटर आणि बूच असलेली बाटली हातात दिली आणि मोजायची पद्धत सांगितली. बाटलीला वजन बांधून दोरीनं तळाला सोडायची, बुचाला बांधलेली दुसरी दोरी ओढून बूच काढायचं, बाटली तळाच्या पाण्यानं भरली की झटक्यात वर घ्यायची आणि लगेच आत थर्मामीटर घालायचा. वरचं पाणी वेगळं मोजायचं, तळाचं वेगळं. एक पहाटे आणि एक दुपारी तीनला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या तळ्याला दुपारी वर ३२ डिग्री, तळाला २८, आणि पहाटे वर-खाली सगळीकडं २८ च्या आसपास. आकडे घेऊन परत गेलो तेव्हा मामांनी वहीवर लिहून घेतले आणि म्हणाले, ट्राउटला बारा ते सोळा डिग्री पाणी लागतं, वीसच्या वर गेलं की तो खाणं सोडतो, आणि चोवीस-पंचवीसला मरतो. तुमच्या तळ्यात तो दोन दिवसही काढणार नाही. हिवाळ्यात सोडू का, असंही मी विचारलं. त्यावर ते म्हणाले जानेवारीत मोजा आणि मग या. (मोजलं पण, नंतर. जानेवारीत पहाटे २०, दुपारी २३-२४. म्हणजे कडाक्याच्या थंडीतसुद्धा आमचं पाणी ट्राउटच्या उन्हाळ्यासारखं.)

तर हे पहिलं कारण की मी या दुकानाला एवढं मानतो. समोरचा माणूस पैसे घेऊन उभा आहे, आणि दुकानदार सांगतोय की हा माल तुमच्याकडं टिकणार नाही, घेऊ नका.

पण माझ्या डोक्यातनं ट्राउट जाईना. माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो, त्याला मासेमारीचा नाद, तिथं एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ट्राउटचा सीझन उघडतो तेव्हा तो पहाटे गळ घेऊन तळ्यावर हजर असतो. त्याला फोन करून विचारलं की तुमच्याकडं तर साध्या तळ्यात ट्राउट सोडतात, ते कसे जगतात? त्यानं जे सांगितलं त्यानं माझा सगळा समजच बदलला, म्हणून ते सविस्तर लिहितो.

तिथलं मत्स्यखातं दरवर्षी ३० लाखांच्या वर मोठे ट्राउट हॅचरीत (म्हणजे माशांची पैदास करतात तिथं) वाढवून ओढ्यांत आणि तळ्यांत सोडतं, टाकी बसवलेल्या ट्रकमधनं आणतात आणि जाळ्यानं किंवा पाइपनं पाण्यात सोडतात. हा मासा सोडतानाच साधारण दीड वर्षाचा असतो, वीतभरापेक्षा मोठा. आणि बहुतेक मासे सोडल्यापासून काही आठवड्यातच संपतात! मरून नव्हे, गळाला लागून. ते सोडलेलेच असतात लोकांनी पकडावेत म्हणून. उरलेल्यातले काही बगळे, पाणकावळे आणि पाणमांजरं नेतात, कारण हॅचरीत वाढलेल्या माशाला भीती माहीत नसते, त्याला लहानपणापासून वरनं गोळी खाद्य पडायची सवय, वर सावली हलली की तो लपायच्या ऐवजी वर येतो. जे एवढ्यातनं वाचतात त्यांच्यापुढं पहिला उन्हाळा उभा. उथळ तळं असेल तर तिथंच खेळ संपला, पाणी तापलं की गेले. म्हणजे "तळ्यात सोडलेला ट्राउट किती जगतो" याचं खरं उत्तर बहुतेक ठिकाणी महिन्यात द्यावं लागतं, वर्षात नाही.

खोल तलावात मात्र वेगळं. तिथं उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात, वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं गार आणि जड, ते एकमेकात मिसळत नाहीत, आणि ट्राउट त्या खालच्या गार थरात उन्हाळा काढतो. पण त्या थरात ऑक्सिजन पण पाहिजे. तलावात शेवाळ, गाळ, सांडपाणी जास्त असलं तर तळाशी कुजायचं काम चालतं आणि खालचा ऑक्सिजन संपतो, मग वर ताप आणि खाली गुदमर, मधे पट्टा उरतो तेवढ्यात मासा अडकतो. जिथं खालचं पाणी गार आणि स्वच्छ दोन्ही आहे तिथं वाचलेला ट्राउट पुढं तीन-चार वर्षंही काढतो. आपण फार्मवर बघितलेला गुलाबी पट्ट्याचा, म्हणजे रेनबो ट्राउट, त्याचं नैसर्गिक आयुष्यच बहुतेक करून चार ते सहा वर्षांचं, आणि ब्राउन ट्राउट त्याहून टिकाऊ, दहाच्या वर गेलेलेही सापडतात. वय खवल्यावरनं कळतं, उन्हाळी वाढीची वर्तुळं लांब लांब आणि हिवाळ्याची दाटीवाटीनं, झाडाच्या खोडासारखी. आमच्याकडं प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो, कुठल्या दिवशी कुठल्या भट्टीतनं ओतलं ते कळतं, माशाच्या अंगावर तसा हिशोब निसर्गानंच लिहून ठेवलाय हे ऐकून मला फार भारी वाटलं.

गार मुलखात आणखी एक मरण आहे, ते आपल्याला सुचणारच नाही. तळं वरनं गोठतं, बर्फावर हिम साचतं, आत उजेड जात नाही, पाण्यातल्या वनस्पती ऑक्सिजन करायचं थांबवतात आणि बर्फाखाली मासे गुदमरून मरतात, वसंतात बर्फ वितळल्यावर कळतं. आणि टेक्साससारख्या गरम राज्यात तर सरकार ट्राउट फक्त हिवाळ्यात सोडतं, लोकांनी वसंतापर्यंत पकडून खायचे, उन्हाळ्यात ते जगणार नाहीत हे धरूनच सोडलेले असतात.

शिवाय साठलेल्या पाण्यात ट्राउटची वीण होत नाही. मादीला वाहतं गार पाणी आणि तळाला खडी लागते, खडीत खड्डा करून ती अंडी घालते. तळ्यात ती अंड्यांनी भरते पण घालायला जागा नाही, त्यात तिची ताकद जाते. म्हणून काही हॅचऱ्या फलन झालेल्या अंड्यांना थोडा वेळ गरम पाण्यात किंवा दाबाखाली ठेवतात, त्यातनं होणारे मासे वांझ निघतात आणि खाल्लेलं सगळं वाढीला लागतं. पण काही केलं तरी तळ्यातला ट्राउटचा आकडा फक्त कमी होत जातो, वाढत कधीच नाही, परत परत सोडावेच लागतात.

आपल्या देशात ट्राउट इंग्रजांनी आणला, काश्मीरमधे १९०० च्या आसपास, आणि निलगिरीत उटीजवळ अॅव्हलांचला १९०७ साली हॅचरी झाली. उटी बावीसशे मीटरवर आहे. आपला पन्हाळा हजार मीटरच्या आत आणि कोल्हापूर शहर साडेपाचशेच्या आसपास. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा माझा हट्ट सुटला.

ऑक्सिजनचं गणित पण मामांनी सोपं करून सांगितलं. १० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागं ११ मिलिग्रॅमपर्यंत ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला साडेसातच. आणि पाणी तापलं की माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, म्हणजे गरज वाढते तेव्हाच साठा कमी होतो. ट्राउटला सहा-सातच्या खाली चालत नाही. रोहू-कटला चार-पाचवर निभावून नेतात, ते गंगेच्या मैदानातले मासे, पंचवीस-तीस डिग्री त्यांना घरच्यासारखी. "आपल्या पान्याला जे सोसतंय ते सोडा, मग ते जगतंय का न्हाई ते बगायला रातचं उटायला लागत न्हाई", हे त्यांचं वाक्य. (रात्री उठायला लागलंच एकदा, ते पुढं सांगतो.)

मग ६०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घेतली, २४० रोहू, १८० कटला, १८० मृगळ, आणि वर २० गवत्या (गवत खाणारा कार्प). कटला वरच्या थरात खातो, रोहू मधे, मृगळ तळाला, म्हणून एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. मी हजार मागत होतो. मामा म्हणाले तुमचं तळं नऊ गुंठ्याचं, मेमधे ऊस भिजवायला पाणी उपसणार, तेव्हा उरलेल्या पाण्यात किती मासे मावतील ते बघून आत्ता सोडायचे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडचं बीज बाहेरनं येतं, पण आल्या आल्या विकत नाहीत, आपल्या टाक्यात दहा-बारा दिवस ठेवतात, प्रवासात अंग दुखावलेले मासे तिथंच मरून जातात आणि तो तोटा ते स्वतः सोसतात, म्हणून त्यांचा दर थोडा जास्त. मला ३ रुपयाला एक बोटुकली पडली.

याची किंमत मला चांगली माहीत आहे कारण २०२१ च्या ऑगस्टमधे मी दुसऱ्या एका ठिकाणाहून ५०० बोटुकली आणली होती. टेम्पो भर दुपारी आला, पिशव्या फोडल्या, धडाधड तळ्यात ओतल्या, पैसे घेतले, गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या कडेनं पांढरा पट्टा दिसत होता, जवळ गेलो तर सगळी मेलेली पिल्लं, पोट वर करून. आबांनी आणि मी चाळणीनं गोळा केली, चारशेच्या वर भरली. फोन केला तर उत्तर आलं की तुमच्या पाण्यातच दोष असणार. त्या दिवशी आबा जेवले नाहीत, आणि पैशापेक्षा मला ते जास्त लागलं.

मामांची गाडी पहाटे साडेपाचला आली. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, रात्रीचं पॅकिंग. आल्या आल्या त्यांनी पिशव्या न फोडता तशाच तळ्यावर तरंगत ठेवल्या, वीस मिनिटं, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी एका टेंपरेचरला येतं. मग तोंड सोडून थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घेतलं, आणि शेवटी पिशवी आडवी धरली, मासे आपल्या आपण पोहत बाहेर गेले. एकही ओतला नाही. त्यातली पन्नास पिल्लं त्यांनी कडेला बांधलेल्या बारीक जाळीच्या हाप्यात वेगळी ठेवली आणि म्हणाले, तिसऱ्या दिवशी हापा उचलून मोजा, जेवढी मेली त्या हिशोबानं तळ्यातली धरायची, दहा टक्क्यावर गेलं तर भरून देतो. तिसऱ्या दिवशी हाप्यात ४८ जिवंत. मी फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं "ब्येस".

आता ती रात्र. ऑगस्टचा शेवट, चार दिवस झडीचा पाऊस, सूर्य दिसलाच नव्हता. पहाटे पाचच्या आधी आबा पाणी बघायला गेले आणि पळत आले, मासे सगळे वर आलेत, तोंड उघडून हवा घेतायत. मी बॅटरी घेऊन गेलो तर सगळं तळं नुसतं तोंडांनी भरलेलं, लुप लुप लुप आवाज. मामांना फोन लावला, वाटलं उचलणार नाहीत. दुसऱ्या रिंगला उचलला आणि पहिला प्रश्न, पाणी हिरवं झालंय का? झालं होतं. म्हणाले ढगाळ हवेत दिवसा शेवाळानं ऑक्सिजन केला नाही आणि रात्रभर मात्र तेच शेवाळ ऑक्सिजन खात बसलं, उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो, खाद्य बंद करा, मोटर लावा, पाणी वरनं फवाऱ्यासारखं पडू दे. मी सांगितलं थ्री फेज नाही, या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे. तर म्हणाले मग शेजारच्याचं डिझेल इंजिन आणा, तळ्यातलंच पाणी ओढून परत तळ्यात उंचावरनं पाडा, आणि तोवर दोघं तिघं बादलीनं पाणी उचलून उंचावरनं ओता, थांबू नका. आबा, मी, माझी बायको आणि शेजारचे अण्णा, आम्ही चौघांनी पाऊण तास बादल्या मारल्या, मग इंजिन चालू झालं. सात वाजता ऊन्ह नव्हे पण उजेड पडला आणि मासे हळूहळू खाली गेले. मामा तेवढ्यात तीनदा फोन करून विचारत होते. १४ मासे गेले, सगळे कटले, बाकी वाचले. दहाला ते स्वतः गाडीवर आले, पावसात, पाणी बघितलं, खाद्य किती घालतो ते विचारलं आणि निम्म्यावर आणलं. या फेरीचे पैसे विचारले तर घेतले नाहीत, चहा घेतला.

पुढच्या मेमधे पाणी कमी झाल्यावर जाळं ओढलं. ४७२ मासे निघाले, सरासरी ९०० ग्रॅमच्या आसपास, कटला सव्वा किलोपर्यंत. मधे खंड्या आणि पाणकावळ्यांनी त्यांचा वाटा घेतलाच, आडव्या-उभ्या नायलॉनच्या दोऱ्या बांधल्यावर ते कमी झालं. तळ्यावरनंच विकले, गावातल्या लोकांनी दोन दिवसात संपवले, मुलीला मी रोहू भाजून दिला, मीठ-लिंबू लावून, काटे मी काढले आणि तिनं खाल्ला.

त्यातले ११ मासे आबांनी परत सोडले, सात कटले, चार गवत्या. म्हणाले ह्यांना ऱ्हाऊ दे. दरवर्षी मे मधे पाणी उपसताना मधोमध खड्ड्यात हातभर पाणी यांच्यासाठी राखतात, ऊस एक पाळी कमी भिजला तरी चालेल म्हणतात. मामांना विचारलं हे किती जगतील, तर म्हणाले पाणी आणि ऑक्सिजन मिळाला तर रोहू-कटला सहज आठ-दहा वर्षं काढतील आणि गवत्या त्याच्याही पुढं, आपण त्यांना वर्षात बाजारात नेतो म्हणून त्यांचं आयुष्य वर्षाचं वाटतं. आता चौथं वर्ष चालू आहे, अकराचे नऊ आहेत. सगळ्यात मोठा कटला मागच्या मेमधे जाळ्यात आला तेव्हा तोलला, सहा किलो भरला, आणि परत सोडला. आबा सकाळी शेंगदाणा पेंड आणि कोंड्याचे गोळे घेऊन कडेला गेले की तो येतो. मी गेलो तर येत नाही.

आणि हो, हे मासेपण तळ्यात पिल्लं घालत नाहीत, ट्राउटसारखंच. त्यांना पावसाळ्यात चढणारं नदीचं पाणी लागतं. १९५७ च्या १० जुलैला डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांची वीण करून दाखवली, तिथनं हॅचरीतलं बीज सुरू झालं, म्हणून १० जुलै राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. मामांच्या शेडमधे हे खडूनं भिंतीवर लिहिलंय. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि तिलापी मात्र तळ्यातच वाढतात, आणि तिलापी तर इतकी की सगळं तळं बोटभर माशांनी भरून जातं, मामा तिलापी ठेवतच नाहीत.

आता ज्या गोष्टी मला पटत नाहीत त्या. हंगामात, म्हणजे जुलै-ऑगस्टमधे, नवीन गिऱ्हाइकाला वेळ मिळत नाही, दोन-दोन आठवडे थांबावं लागतं, आणि फोनवर बुकिंग घेतात पण कुठं लिहून देत नाहीत, एकदा माझीच गाडी चार दिवस पुढं गेली. पिलांची मोजणी वाटीनं होते, एका वाटीत किती बसतात ते एकदा मोजून मग नुसत्या वाट्या टाकतात, माप आपल्या बाजूनंच असतं हे मी दोनदा मोजून बघितलंय, पण बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर मिळतं, अनुदानाच्या फाइलला ती चिठ्ठी चालत नाही, हे त्यांनी सुधारायला पाहिजे आणि मी तोंडावर सांगितलंय. खाद्याची बॅग त्यांच्याकडं घेऊ नका, मार्केट यार्डात स्वस्त पडते, हे त्यांनीच सांगितलं. शाहूवाडी, चंदगडकडच्या लोकांना गाडीभाडं जड जाईल, तीन-चार जणांनी मिळून मागवलं तर परवडेल.

ज्यांना पहिल्यांदा जायचंय त्यांनी जूनमधेच जाऊन या, जाताना तळ्याची लांबी-रुंदी-खोली, मेमधे पाणी किती उरतं आणि पहाटे-दुपारचं टेंपरेचर लिहून न्या, नाहीतर ते थर्मामीटर हातात देऊन परत पाठवतील. थर्मामीटरचं डिपॉझिट घेत नाहीत. मी चार वर्षांनी यंदा त्यांचा तो परत दिला आणि स्वतःचा डिजिटल घेतला, तर त्यांनी जुना लगेच पुढं उभ्या असलेल्या एका पोराला दिला, तो कुठल्यातरी गार मुलखातल्या माशाचा व्हिडिओ दाखवत होता.

पाचपैकी साडेचार. अर्धा चिठ्ठीचा कापला. या वर्षीची माझी गाडी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, ६०० च सांगितलेत, फक्त या वेळी आबांनी गवत्या वीसऐवजी दहाच आणायला सांगितलेत, जुन्या चौघांना जागा पाहिजे म्हणून.